उजवी पाकळी

“बाई, तुम्ही फक्त इथे अंगठा उमटवा. बाकीचं आम्ही बघतो,” नायब तहसीलदार म्हणाले आणि त्यांनी शाईचं पॅड टेबलावरून पुढे सरकवलं.

“अंगठो कित्याक? माका सही येता,” शेवंतीकाकी म्हणाली. “पण करूची नाय.”

शाळेच्या सातवीच्या वर्गात आमची बैठक चालली होती. पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही मोठी माणसं बसलो होतो, आणि सगळ्यांचे चेहरे गृहपाठ न केल्यासारखे झाले होते. समितीत पाच जण. सरपंच आपा धुरी, शेवंती कुबल, मी, आणि आपांनी मान हलवली की आपली हलवणारे दोघे. मी समितीचा सचिव, म्हणजे अक्षर बरं म्हणून मला केलेला. एरवी मी करंजवेळच्या रवळनाथाचा गुरव. देवाची पूजा आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि गावात मला दिगू म्हणून कुणी हाक मारलीच तर ती घरातली माणसं. बाकी सगळ्यांचा मी ‘गुरवानू’.

त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या खाडीच्या तोंडाशी एक परदेशी मालवाहू बोट खडकावर चढून फुटली होती. तिच्या पोटातलं काळं तेल भरतीबरोबर खाडीत शिरलं. कांदळवनाच्या मुळांना ते डांबरासारखं चिकटलं, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या ज्या पुळणीवर गाबीतवाड्यातल्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, ती पुळण मेली. पुरुषांच्या होड्या लांब समुद्रात गेल्या आणि मासे घेऊन आल्या. बायकांच्या तिसऱ्या कुठे जाणार? त्या शिंपल्यातच कुजल्या.

कोर्टात गेल्या त्या नऊ बायका. अर्जावर पहिलं नाव शेवंतीकाकीचं. आम्ही गावातली शहाणी माणसं तेव्हा हसलो होतो. “बोटीवाल्याक काय ठावक, शेवंती खयची आणि करंजवेळ खय?” असं आपा चव्हाट्यावर म्हणाले होते, आणि मीही दात काढले होते. काकी पाच वेळा मुंबईला गेली. शेवटी बोटीच्या विमा कंपनीने तडजोड केली आणि चार कोटी ऐंशी लाख रुपये कोर्टात भरले. पैसे कुणाच्या खिशात जायचे नव्हते. ते फक्त किनारा पूर्ववत करायला आणि राखायला वापरायचे, कसे ते गावच्या समितीने एकमताने ठरवायचं, आणि ठरावावर पहिल्या अर्जदाराची सही हवीच, असं तडजोडीच्या कागदात लिहिलेलं होतं. इथेच घोडं पेंड खात होतं.

कारण आम्हा चौघांना हवा होता दगडी बंधारा. गावासमोरच्या किनाऱ्यावर सातशे मीटर लांब, पुरुषभर उंच. समुद्र दर पावसाळ्यात आत येत होता. आपांनी किनाऱ्यावर पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या, त्यांच्या पायरीपर्यंत लाट येऊन गेली होती. आणि माझं का लपवू? माझ्या बागेतले सात माड दोन वर्षांत आडवे झाले होते, आणि नव्या स्लॅबच्या घरापासून पाणी साठ पावलांवर आलं होतं. मी पावलं मोजायचो. रोज सकाळी पूजेला जाताना मोजायचो.

“सायबानू, माका एक सांगा,” शेवंतीकाकी तहसीलदारांना म्हणाली. “तेल खय पडला? खाडीत. मेला काय? खाडी. मगे पैसे आपांच्या दारात कशे गेले?”

“गे शेवंती,” आपा हसून म्हणाले, “समुद्र गावात घुसलो तर तुझ्या तिसऱ्यो खातलो कोण?”

“दगडान समुद्र आडता काय आपानू? वाळयेक येवक जावक वाट व्हयी. आडवो दगड घातलात तर ती खय तरी जातलीच. आणि खय जातली? खाडीच्या तोंडात. मी पन्नास वर्सा थय उबी रवलंय, माका ठावक आसा.”

तिचं म्हणणं सोपं होतं. पुळणीवरचा तेलकट चिखल काढा, कांदळ परत लावा, खाडीचं तोंड मोकळं ठेवा, आणि गावासमोरच्या वाळूच्या उंचवट्यावर मर्यादवेल आणि सुरूची झाडं लावून वाळू धरून ठेवा. महाविद्यालयातल्या एका मॅडमनी येऊन तिला हे सगळं कागदावर मांडूनही दिलं होतं. तो कागद मी वाचला होता. मला तो पटलाही होता. पण मर्यादवेल वाढायला पाच वर्षं लागतात आणि माझ्या घरापासून समुद्र साठ पावलांवर होता.

तहसीलदारांनी घड्याळ बघितलं. “हे बघा, तीस तारखेपर्यंत एकमताचा ठराव आला नाही तर निधी जिल्ह्याच्या खात्यात वर्ग होईल. मग ना बंधारा, ना खाडी. तुमचं तुम्ही ठरवा.”

ते जीपमध्ये बसून गेले. मग आपांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, “शेवंती, माझा नको, तुझा नको. देवाक विचारूया. देव सांगात तसा.”

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती तर एकदम उजळली.

“विचारा!” ती म्हणाली. “आजच्या आज विचारा. देव खोटा सांगूचो नाय. तेणा सांगल्यान बंधारो, तर मी डोळे मिटून सही करतंय.”

कोर्टकचेरी पाहिलेली, विमा कंपनीला नमवलेली ती बाई देवाच्या नावावर क्षणात तयार झाली. तिच्या जागी आमच्या गावातलं कुणीही असतं तरी तेच केलं असतं. आमच्याकडे जमिनीची हद्द, लग्नाची तारीख, भाऊबंदकी, सगळं कौल लावून सुटतं. कौलाला कुणी हरकत घेत नाही, कारण तिथे माणूस नसतोच, अशी सगळ्यांची समजूत आहे.

माणूस असतो. पाकळी लावणारा.

कौल दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, लावायचं ठरलं. बैठकीच्याच संध्याकाळी आपा माझ्या ओटीवर आले. चहा घेतला, माझ्या उरलेल्या माडांकडे बघितलं, माझ्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. बंधाऱ्याचा शब्द काढला नाही. उठताना पायात चपला सरकवत म्हणाले, “गुरवानू, उद्या पाकळ्यो नीट लावा हां.”

“नीटच लावतंय आपानू. कधी वाकड्यो लावलंय?”

“तसा नाय ओ. नीट म्हणजे… नीट.” आणि ते गेले.

बायको आतून ऐकत होती. “काय म्हणी होते?” तिने विचारलं. “काय नाय, चाय बरी झाली म्हणी होते,” मी म्हणालो. एवढं मात्र खरं, की आपांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. पुढे किती तरी वेळा मला वाटलं, त्यांनी सरळ सांगितलं असतं, धमकावलं असतं, तर निदान बोट दाखवायला कुणी तरी उरलं असतं.

सोमवारी देवळात शंभरेक माणसं होती. गाबीतवाड्यातल्या त्या नऊ बायका धुतलेली लुगडी नेसून एका बाजूला उभ्या होत्या. शेवंतीकाकी सगळ्यांच्या पुढे. तिने केसात अबोलीचा वळेसर माळला होता, लग्नाला आल्यासारखा. तिला खात्रीच होती.

आमचा कौल असा असतो. देवाच्या पाषाणाच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशा फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या. प्रश्न विचारायचा. आधी उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. एवढंच. पण मी सात वर्षांचा असताना माझ्या वडिलांनी मला तांब्यात हात बुडवायला लावून सांगितलं होतं, “दोन्ही बोटां सारकी भिजव. पाणी कमी झाला तर पाकळी आदी पडता. मगे ती देवाची रवणा नाय, तुझी जाता.”

मी मोठ्याने प्रश्न विचारला, “देवा म्हाराजा, आलेल्या पैशातून दगडाचो बंधारो व्हवचो असात तर उजवो दी, नसात तर डावो दी.” मग तांब्यात बोटं बुडवली. डावी पाकळी लावली, चांगली निथळती. आणि उजवी उचलायच्या आधी मी बोटं कमरेच्या पंच्याला पुसली.

गुरव दिवसातून पन्नास वेळा पंच्याला हात पुसतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र त्या पंच्याचा खरखरीतपणा अजून बोटांवर जाणवतो. मी ते रागाने केलं नाही, घाबरून केलं नाही. मनात फक्त साठ पावलं होती.

समईच्या उबेने उजवी पाकळी अर्ध्या मिनिटात सुटली. घरंगळत देवाच्या पायाशी आली.

“उजवो!” आपा ओरडले. घंटा वाजली. माणसांनी हात जोडले.

मी मागे वळून बघितलं. बघायला नको होतं. शेवंतीकाकीचा चेहरा रागावलेला नव्हता, रडवेला नव्हता. एखाद्या पोराला आईने चारचौघांत विनाकारण मारावं आणि त्याला कळू नये की आपलं काय चुकलं, तसा तो झाला होता. मागच्या बायकांपैकी एक कुजबुजली, “परत एकदा लावूक सांग गे.” काकीने तिच्याकडे वळून बघितलं.

“देवाक परत परत विचारतत काय?” ती म्हणाली. “सांगल्यान ना एकदा?”

तिने तिथेच, देवळाच्या पायरीवर बसून ठरावावर सही केली. एकेक अक्षर काढत, जीभ दाताखाली धरून. ठराव माझ्याच अक्षरातला होता. गावात लोक म्हणत होते की काय सुंदर अक्षर आहे गुरवांचं.

बंधारा वर्षभरात झाला. दगड चांगला होता, काम चोख होतं. त्यात कुणी पैसा खाल्ला नाही, हे मी सचिव म्हणून छातीवर हात ठेवून सांगेन. माझं घर वाचलं. आपांच्या खोल्या चाराच्या आठ झाल्या. आणि वाळू, शेवंतीकाकीने सांगितलं होतं तशी, गेली. पहिल्या पावसाळ्यात गावासमोरची पुळण खरवडून निघाली आणि खाडीच्या तोंडात येऊन साचली. दुसऱ्या पावसाळ्यात तोंड अर्धं बुजलं. तेलातून कुठे कुठे परत धरू लागलेल्या तिसऱ्या हातभर वाळूखाली गाडल्या गेल्या. तिसऱ्या वर्षी गाबीतवाड्यातल्या चार घरांत भरतीचं पाणी शिरलं, कारण बंधारा जिथे संपत होता तिथूनच समुद्राने नवी वाट काढली होती. बायका पांगल्या. कुणी काजूच्या कारखान्यात गेली, कुणी बाजारातून मासे विकत घेऊन दारोदार विकू लागली. शेवंतीकाकी आपांच्या खोल्यांवर पर्यटकांची भांडी घासायला लागली.

चोराच्या मनात चांदणं. मी तिला टाळू लागलो. ती डोक्यावर पाटी घेऊन समोरून येताना दिसली की मी वाट सोडून कुणाच्या तरी बागेत शिरायचो. तीच लांबून हाक मारायची, “गुरवानू, बरे आसात मां?” तिच्या आवाजात काडीचा संशय नसायचा. संशय असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्या तिसऱ्या वर्षीच, दिवाळी होऊन गेल्यावर, एका दुपारी ती देवळात आली. मी एकटाच होतो, समयांना चिंच लावत बसलो होतो. तिच्या हातात सोललेला नारळ आणि केळीच्या पानात बांधलेले विडे होते.

“गुरवानू, गाराणा घालूचा आसा,” ती म्हणाली.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून गुरवाने भक्ताच्या वतीने मोठ्याने बोलायचं, आणि भक्ताने दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मुलाची नोकरी, गाईचं वासरू, कोर्टाची तारीख, कशासाठीही घालतात.

“कसला गाराणा, काकी?”

ती खांबाला टेकून बसली. बराच वेळ तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

“तुमका म्हणान सांगतंय. दुसऱ्या कोणाक म्हायत नाय. मुंबयेक कोर्टात माका उबी केल्यानी ना, तेवा सायबान विचारल्यान, तेल पडूच्या आदी दिसाक किती पाट्यो तिसऱ्यो काढी होतंस? मी सांगलंय, चार. देवाची शपथ घेवन सांगलंय. दोनच गावत होत्यो ओ गुरवानू. हातपाय दुखी होते, वय झाला होता. दोनच. वकिलान म्हटल्यान जरा वाढवन सांगा, मी चार सांगलंय.”

मी चिंच लावलेला हात तसाच धरून ऐकत होतो.

“तेच्यावरच तो पैसो मिळालो. खोट्याचो पैसो. तो माझ्या खाडीक देव कसो लावन देयत? म्हणान देवान त्या दिवशी उजवो दिल्यान. माका तेवाच कळाक व्हया होता. पण माका वाटला होता, देव माझो आसा.” तिने डोळे पुसले. “माझ्या एकटीच्या तोंडापायी सगळ्यांची खाडी गेली. त्या आठ बायांचा काय पाप होता? काजूच्या फॅक्टरीत तेंचे हात सोलवाटतत. मी बघतंय आणि माका रात भर झोप येना नाय. तुमी देवाक सांगा. माका माफ कर म्हणान सांगा.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. देवळात तिसरं कुणी नव्हतं. ‘काकी, तुमचं खोटं दोन पाट्यांचं, माझं सगळ्या किनाऱ्याचं,’ एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. आणि माझ्या शपथेची किंमत काय, हेही मला ठाऊक आहे. त्या वाक्याच्या पुढचं सगळं मला दिसलं. गाव, आपा, माझी मुलगी आणि तिचं ठरत आलेलं लग्न, आणि पुढच्या पिढ्यांत ज्याच्या एकाही कौलावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा माझा देव. मी उठलो, हात धुतले, आणि नारळ देवापुढे ठेवला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” ती हात जोडून म्हणाली.

“आज ही शेवंती कुबलीण तुझ्या पायाकडे इली हा…”

“व्हय म्हाराजा.”

“तिच्या तोंडान, तिच्या हातान जा काय चुकला माकला असात…”

“व्हय म्हाराजा!” ती एवढ्या जोरात म्हणाली की सभामंडपातले पारवे उडाले.

“ता सगळा पोटात घाल, आणि तिचा, तिच्या लेकराबाळांचा बरा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

मी नारळ फोडला. सरळ दोन भकलं झाली. रीत अशी की एक भक्ताचं आणि एक गुरवाचं. मी तिचं तिच्या पदरात टाकलं. ती उठली, देवाला वाकून नमस्कार केला आणि मग, आमच्याकडे गुरवालाही करतात तसा, मलाही केला. पायरीपर्यंत गेली आणि थांबली.

“गुरवानू, एक ओळ रवली काय ओ?”

“खयची?”

“ती नाय काय… कोणी ह्येचा वायट केला असात, तर तेचा तू बघून घी, अशी म्हणतत ती. तुमी सगळ्यांच्या गाराण्यात म्हणतास.”

मी देवापुढे सांडलेलं नारळाचं पाणी पुसायला वाकलो. ती ओळ मी गाळली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या तोंडावर हसू आलं. मला सांभाळून घेणारं, समजूतदार हसू.

“नाय म्हटलात ता बराच केलात,” ती म्हणाली. “माझा कोणी काय एक वायट करूक नाय. उगाच कोणाक लागात बिचाऱ्याक.”

ती गेली. पाठीवरचं ओझं उतरल्यासारखी भराभर चालत गेली. तिला आपांकडे चारच्या भांड्यांना पोचायचं होतं. माझ्या वाटणीचं नारळाचं भकल मी घरी नेलं. बायकोने ते खोवून रात्रीच्या आमटीत घातलं, आणि मी भातावर दोनदा वाढून घेतली.